आठवड्यातून एक फेरी कमी

माझ्या आईचा उपचार फुकट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे कोणी मला योजनांची यादी वाचून दाखवणार नाही. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा आदिलाबादच्या एका डायलिसिस केंद्रात जायचं, कार्ड दाखवायचं, चार तास मशीनला हात लावून पडायचं, रक्त धुऊन परत यायचं. तिथं कोणी एक पैसा मागत नाही. पैसा लागतो तो तिथवर पोचायला. मशीन फुकट आणि रस्ता विकत.

आमचं गाव भीमपूर मंडलात, मंडल म्हणजे आमच्याकडचा तालुका, पैनगंगेच्या अलीकडं. बस आहे, आणि बायकांना तिकीटही नाही. पण ती येते सकाळी साडेनवाच्या पुढं, तिच्या मर्जीनं, आणि आईची मशीन सकाळी सातची. सात म्हणजे सात. उशीर झाला की तेवढा वेळ कापला जातो, कारण तुमच्यामागं दुसरा माणूस खुर्चीत बसलेलाच असतो. माझी स्कूटी आहे. एकदा तिच्यावरून आणलं आईला परत. मशीनवरून उठलं की तिचा बीपी खाली जातो. अर्ध्या रस्त्यात ती माझ्या पाठीवरून एका बाजूला घसरायला लागली. ओढणीनं तिला माझ्या कमरेशी बांधलं आणि चालण्याच्या वेगानं घरी आले. पुन्हा तो धंदा केला नाही.

म्हणून ऑटो. डिझेलचा जुना ऑटो. चालवणारा तेलुगू, आम्ही त्याला अन्ना म्हणतो, मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पाचला निघायचं आणि दुपारी दीड-दोनला परत. तीन पेशंट आणि भाड्याचे तीन वाटे. एक आई. दुसरे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. अर्ध्या गावानं त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्यात. तिसरी शेजारच्या गावची शिलाईवाली मावशी, ब्लाऊज-परकर शिवणारी, वयानं आईपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, दोन लेकरं शाळेत. गुरुजींना पेन्शन होती. एकदा ते म्हणाले, मी दोन वाटे देतो, तुमी दोघी मिळून एक द्या. दुसऱ्या फेरीला आई आणि मावशी दोघींनी आपापला पूर्ण वाटा आधीच अन्नाच्या हातात ठेवला. विषय संपला.

त्या ऑटोत एक रीत होती. जाताना कोणी कुठंही बसा. परत येताना मधली जागा, ज्याचा बीपी सगळ्यात कमी त्याची. निघतानाचा आकडा सिस्टर सांगायची. तिघं एकमेकांचे आकडे विचारायचे आणि एक शब्द न बोलता जागा बदलायचे. मधल्याला दोन्हीकडून खांदे असायचे. तो झोपला तरी पडत नसे.

आता माझं सांगते. मी आदिलाबादेत झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात कामाला. आम्ही सात-आठ जण मिळून पत्रकं काढतो, खताचा काळाबाजार, शाळांची छपरं, रेशनमधली मापं. लिहिते मी, मराठीत आणि तेलुगूत. कागद दुकानमालकाच्या नजरेआड अर्ध्या भावात. डिझेल-पेट्रोल चढायला लागलं त्या दिवसांत मी एका मैत्रिणीच्या खोलीवर राहत होते आणि फक्त रविवारी घरी यायचे. केंद्र माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. आईला भेटायला मी महिन्यातून एखाद्या सोमवारी जायचे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

भाव वाढला की आमच्याकडं काय होतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. इथं पेट्रोल पंपावर कमी आणि किराणा दुकानात जास्त विकलं जातं, कोल्ड्रिंकच्या बाटलीत. पंपाच्या भावावर बाटलीवाल्याचा वेगळा भाव. फवारणीचा पंप पेट्रोलवर, पाण्याचं इंजिन डिझेलवर, लेकरू शाळेत ऑटोवर, कापूस बाजारात टेम्पोवर. नदीपलीकडं दुसरं राज्य, तिथं थोडं स्वस्त भेटते म्हणून लोक कॅन बांधून पूल ओलांडतात आणि वाचवलेलं तेल येण्याजाण्यात जाळून येतात. त्यांना हसू नका. घरात बसून हात चोळण्यापेक्षा ते बरं वाटतं.

एका पक्षानं दरवाढीच्या निषेधाची मोटरसायकल रॅली काढली. आम्हीही बोर्ड घेऊन गेलो. पाहते तर रॅलीपेक्षा पंपासमोरची रांग मोठी. प्रत्येक गाडीला एक लिटरची चिठ्ठी वाटणं चाललेलं. पेट्रोल महाग झालं म्हणून ओरडायचं, आणि ओरडायला पेट्रोल पक्षाचं.

एक मिशाळ गृहस्थ माझ्या बोर्डाकडं न बघता म्हणाले, "बाई, चिठ्ठी कोठी भेटून राह्यली?"

मी म्हटलं, "तुमी निषेधाले आले का पेट्रोलले?"

"पेट्रोल भेटलं की निषेध आपोआपच होते," ते म्हणाले. मागचे चार जण हसले. "नाईतर कोण येते ह्या उन्हात?"

मी बोर्ड खांद्यावर टाकून दुकानात परत आले आणि त्याच दुपारी पत्रक लिहिलं. रागाच्या भरात मला चांगलं लिहिता येतं. निदान मी तसं समजत होते. मथळा: आठवड्यातून एक फेरी कमी करा. खाली: चिठ्ठीच्या पेट्रोलवर निषेध होत नाही. तेलावाचून आपलं चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते भाव वाढवतात. त्यांना आपली गरज दाखवू नका. ज्याची जी फेरी, त्यातली एक सोडा. गाडी एक दिवस दारात उभी राहू द्या.

कच्च्या कागदावर आणखी एक ओळ होती: दवाखान्याची आणि तातडीची कामं सोडून. कागद वाचवायला आम्ही एका पानाची दोन पत्रकं करतो. मथळ्याचं अक्षर मोठं केलं तर शेवटची ओळ कटिंगमध्ये जात होती. मैत्रीण म्हणाली, अक्षर बारीक कर. मी म्हटलं, मथळा लांबून दिसला पाहिजे, आणि दवाखान्यात जाऊ नका असं कोण समजणार आहे? ओळ मी माझ्या हातानं उडवली.

पत्रक चाललं. शेजारच्या तलमडुगू मंडलापर्यंत गेलं. चहाच्या टपरीवर चिकटलं. रविवारी घरी एक गठ्ठा घेऊन गेले. आईनं एक पत्रक घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं. तिला वाचता येतं, पण सावकाश. "गुरुजीले दाखवतो," म्हणाली. आमच्याकडं बायाही असंच बोलतात, येतो, जातो, दाखवतो. मला बरं वाटलं. माझं लिहिणं ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांच्याकडं चाललं होतं.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी एका बुधवारी दुकानातलं झेरॉक्स मशीन बिघडलं आणि मालकानं सुट्टी दिली. मी सकाळी अकराला घरी पोचले. घराला कुलूप असायला हवं होतं. आई दारात बसून तुरीतले खडे निवडत होती. पाय पुढं पसरलेले, घोट्यापासून वर फुगलेले. बोटात जोडवं रुतलं होतं.

"काऊन वं आई, गेली नाई? ऑटो नाई आला का?"

"बुधवार बंद केला आमी."

"बंद केला म्हंजे? डॉक्टरनं सांगतलं?"

"तूनंच तं सांगतलं." सुपातली तूर सारखी करत ती अगदी सहज बोलली. "एक फेरी कमी करा म्हून. गुरुजीनं मोठ्यानं वाचून दाखवलं गाडीत. शिलाईवाली म्हने, बाई बराबर लिहून राह्यली. अन्नाही म्हने, डिझेल लय झालं, एक दिवस मले दुसरं भाडं भेटते. मंग तिघायनं मिळून बुधवार सोडला."

ती पुढं म्हणाली, "एकटं कसं सोडावं? एकानं सोडलं तं दोघायवर वाटा पडते. म्हून सगळ्यायनंच."

याला मूर्खपणा म्हणायचं तर म्हणा. मी म्हणू शकत नाही. मावशीला वाटा झेपत नव्हता, हे आईला कळलं होतं आणि गुरुजींनाही. मावशी स्वतः बोलणार नव्हती. दोन वाटे देऊ म्हणून गुरुजी एकदा तोंडघशी पडलेले. तिघांना एकमेकांची लाज राखून खर्च कमी करायचा होता, आणि माझ्या पत्रकानं त्याला चांगलं नाव दिलं. परवडत नाही म्हणायची गरज उरली नाही. आम्ही आंदोलनात आहोत, असं म्हणता येऊ लागलं.

मी तशीच गुरुजींकडं गेले. ते खाटेवर तीन उशा पाठीशी लावून बसले होते. आडवं झालं की दम लागायचा. माझं पत्रक त्यांच्या चष्म्याच्या डबीत होतं.

"ये. तुझं शुद्धलेखन सुधारलं आता," म्हणाले.

"गुरुजी, तुमी शिकलेले मानूस. डायलिसिसची फेरी सोडतात का कोणी?"

"लिहिलंय, ज्याची जी फेरी. आमची तीच एक फेरी आहे बाई. दुसरी कोणती सोडू? बाजाराले मी जात नाही, लग्नाले कोणी बोलावत नाही." ते हसले आणि हसण्यातच खोकला आला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. मग म्हणाले, "पाणी कमी पितो मी. भागते."

भागत नव्हतं. सोमवारनंतर थेट शुक्रवार. मध्ये चार दिवसांचं पाणी अंगात, काळजावर, फुप्फुसात. हे मला माहीत होतं. त्यांनाही ढोबळ माहीत होतं.

शुक्रवारी मी ऑटोबरोबर केंद्रात गेले. तिथली टेक्निशियन मुलगी माझ्याच वयाची, मंचेरियलकडची, मराठी येत नाही. तिनं मला फाईल उघडून दाखवली. "मैं तीन बुधवार रुकी, अक्का. फोन भी किया. अम्मा बोली, गाडी नहीं है. बाहर पेशंट बैठे हैं, मैं खाली बेड कैसे रखूँ?" बुधवारचे तिन्ही पलंग नव्या पेशंटना गेले होते. तिची चूक शोधायला मी खूप वेळ ती फाईल बघत बसले. चूक नव्हती. त्या पलंगांवर माणसं होती, आणि त्यांनाही किडन्या नव्हत्या. आमच्या तिघांची नावं तिनं थांबलेल्यांच्या यादीत लिहून घेतली.

शहरात खोली घेऊ असं मी आईला म्हटलं. ऑटोची भानगडच नको.

"मंग शिलाईवालीचा वाटा?" आई म्हणाली. "गुरुजी अन् ती, दोघायवर पडंल."

"त्यायचं ते पाहून घेतील."

"असं नाई बोलू." बस, तेवढंच. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या महिन्यातच गुरुजी गेले. गुरुवारी. सकाळी न्हाणीत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. कोणी म्हणालं हार्ट, कोणी म्हणालं वय झालं होतं. विहारापुढं सतरंजी टाकली होती. एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, शेवटपर्यंत चळवळीत होता मानूस, चष्म्याच्या डबीत तुमचं पत्रक सापडलं. त्याला ते कौतुक वाटत होतं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ऑटो पाचला आला. सतरंजी अजून उचललेली नव्हती. आई आणि मावशी बसल्या. वाटे आता दोनच. अन्नानं त्या दिवशी पूर्ण भाडं घेतलं नाही, पण येत्या सोमवारपासून घ्यावं लागंल, असं सांगून टाकलं. "अम्मा, मी डिझेलमध्ये पानी टाकू का?" त्याचंही खोटं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात टेक्निशियनचा फोन आला. बुधवारचा एक पलंग रिकामा झालाय. कसा झाला ते तिथं कोणी विचारत नाही. आमच्या यादीतली आता दोन नावं आणि पलंग एक. डॉक्टर ठरवणार, ज्याची गरज जास्त त्याला. उद्यापर्यंत दरखास्त द्या, म्हणाली, म्हणजे अर्ज. फोन मला आला, कारण तिन्ही नावांपुढं मी माझाच नंबर दिला होता. मावशीकडं साधा फोन, तोही बहुतेक वेळा बंद.

म्हणजे मावशीला सांगायचं काम माझं होतं.

दुकान बंद झाल्यावर शटर अर्धं ओढून मी दरखास्त टाईप केली. तेलुगूत, कारण वाचणारे तेलुगू. आईचं वय, पायाची सूज, झोपता न येणं, वाढलेलं वजन, दोन फेऱ्यांतलं अंतर. घरात कमावती एकटी मुलगी. एक ओळसुद्धा खोटी नाही. अक्षर नीट, समास सोडलेला, शेवटची ओळ कटिंगमध्ये जाणार नाही याची काळजी घेतलेली. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या कागदांत तो सगळ्यात चोख होता. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तो स्वतः नेऊन दिला. मावशीला फोन केला नाही. लागला नाही असं नाही. केलाच नाही.

पलंग आईला मिळाला.

शुक्रवारी ऑटोत आईनंच मावशीला आनंदानं सांगितलं. आईला वाटलं, यादीत आपलं नाव वर होतं. मी पुढं अन्नाशेजारी बसले होते, कारण त्या दिवशी मी गुरुजींचा रिकामा वाटा भरून आले होते. मावशीनं विचारलं, "कागद देला होता का?"

मी म्हटलं, "हो. दरखास्त मागतली होती त्यायनं."

मावशी म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मीबी देला असता एक. माह्या पोराले तेलुगू लिहिता येते." आवाजात तक्रार नव्हती. कापडाचं माप चुकल्यावर बोलावं तसं बोलली. "डाक्टरनं तुह्या मायलेच देलं असतं म्हना. तिचे पाय लय सुजले."

आई आरशात माझ्याकडं बघत होती. ऑटोच्या त्या छोट्या आरशात तिचा एकच डोळा दिसत होता. "तू लोकायसाठी लिहिते म्हने ना," एवढं म्हणाली.

परत निघताना सिस्टरनं दोघींचे आकडे सांगितले. आईचा कमी होता. मावशी सरकली आणि आई आतल्या बाजूला बसली. आता मध्ये म्हणावं अशी जागाच नव्हती. एका बाजूला मावशी आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी दांडा. मी पुढून मागं हात करून आईचं मनगट धरलं, ज्या हातात सुया टोचत नाहीत ते. तिनं सोडवलं नाही, पण धरलंही नाही.

पहिल्या बुधवारी आई गेली नाही. पाचला ऑटो दारात आला. मी मुद्दाम आदल्या रात्रीच घरी आले होते; तिला उठवायला गेले तर ती चूल पेटवत होती. म्हणाली, ऑटो तसाच शिलाईवालीकडं जाऊ दे. एक बुधवार तिचा, एक माझा. वाटा दोघी अर्धा-अर्धा देऊ, कोणी जावो.

"तसं चालत नाई आई. पलंग तुह्या नावावर हाय."

"चालते का नाई, ते जाऊन पाहीन."

मी भांडले. तिचा जीव, तिचं फुप्फुस, सगळं बोलले. जे पत्रकात लिहायला हवं होतं ते सगळं तेव्हा बोलले. तिनं चुलीत काडी सरकवली आणि अन्नाला हात केला, जा म्हणून. ऑटो गेला. त्या दिवशी मावशीनं केंद्रात काय सांगितलं मला माहीत नाही. टेक्निशियननं फाईल पाहिली, मावशीला पाहिलं आणि पलंगावर चादर बदलली, एवढं नंतर कळलं. तेव्हापासून तसंच चाललंय. डॉक्टरांना कळलं तर पलंग दोघींचाही जाईल, म्हणून आम्ही कोणी त्याबद्दल बोलत नाही. शहरात अशी केंद्रं एकाहून जास्त आहेत, आणि हे लिहितानाही त्यातलं कोणतं ते मी सांगितलेलं नाही.

मी आता गावात राहते आणि रोज बसनं शहरात जाते. स्कूटी विकली. त्या पैशावर काही महिन्यांचे वाटे निघतील. मावशीला हे सांगितलेलं नाही. अन्नाला सांगितलंय, आईकडून आणि मावशीकडून जुनाच भाव घे, वरचा माझ्याकडून. तो म्हणाला, "किती दिवस, अक्का?" मी म्हटलं, बघू. डिझेल त्यानंतर दोनदा चढलंय.

आज बुधवार आहे, मावशीचा. आई उंबऱ्यावर बसली आहे. सोमवारी वजन डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाच्या वर होतं, आज त्याहून जास्त असणार. सकाळपासून ती अर्धा पेला पाणी प्यायली आणि उरलेलं अर्धं तिनं माझ्यासमोर परत माठात ओतलं. मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. तो भरायला किती वेळ लागतो ते मोजत मी तिच्या पायाशी बसले आहे. शुक्रवारला अजून दोन दिवस आहेत.